नऊ वेळा लावलेलं मलम

जगतारन देवी महतो ही सिमरदही गावची आरोग्य स्वयंसेविका. सव्वीस वर्षं झाली. पगार नाही, पेन्शन नाही. वर्षाला एक निळी साडी, दारावर पत्र्याची एक पाटी आणि गावभर कुणालाही बोलायचा परवाना, एवढ्यावर ही बाई राबते. त्यातला परवाना तिला सगळ्यात जास्त आवडतो. साडी ती जपून नेसते, परवाना मात्र रोज वापरते.

गावात कुणालाही आठवा महिना लागला की जगतारन त्या अंगणात जाऊन बसते. न विचारता चहा मागते, पिशवीतून करंगळीएवढी मलमाची ट्यूब काढते आणि भाषण सुरू होतं. ते गावाला इतकं पाठ आहे की पोरी बाहुलीचं बाळंतपण खेळतात तेव्हाही तेच म्हणतात.

"नाळ कापली की लगेच हे लावायचं. देठाला, बेंबीला, भोवतीनं. किती वेळा?"

"एकदा."

"मग काय लावायचं?"

"काही नाही, काकी."

"मोहरीचं तेल?"

"नाही."

"हळद? शेंदूर? शेगडीची राख?"

"नाही, नाही, नाही."

"नुसती कोरडी ठेवायची, उघडी ठेवायची आणि हात लावायचा नाही. समजलं?" एवढं झालं की ती चहा पिते आणि चहात आलं कमी होतं असं सांगून उठते.

या भाषणाला गावात एकच विरोधक होता आणि तो जगतारनच्याच घरात होता. तिची सासू इंद्रवती. वय नव्वदीच्या अलीकडे की पलीकडे ते कुणाला माहीत नाही, कारण तिच्या जन्माची नोंद कुणी केली नव्हती आणि वय विचारणाऱ्याकडे ती अशी बघायची की तो पुढचा प्रश्न विसरायचा. जगतारनला अठ्ठावन्नावं लागलं, केस पांढरे झाले, पुढचे दोन दात गेले, तरी सासूसाठी ती अजून 'कनियाँ'च, म्हणजे नवी नवरी.

"बेंबी म्हणजे माणसाचं मूळ," इंद्रवती म्हणायची. "आपण कोइरी, पिढ्यान्‌पिढ्या भाज्या लावतो. रोपाच्या मुळाला काही घालायचं नाही, उघडं टाकायचं, असं तुझ्या नवऱ्याला सांग बरं एकदा. वांगी खाशील मग तू."

"सासूमाय, पोर म्हणजे वांगं नव्हे."

"नाहीच. वांग्याची काळजी घेतात लोक."

तेल गरम करून, त्यात हळद घालून, वर शेगडीची चाळलेली राख, असा इंद्रवतीचा उपाय. तिच्या सासूनं तिला दिलेला, सासूच्या सासूनं सासूला. आणि खरं सांगायचं तर त्यामागे नुसता अडाणीपणा नव्हता. पूर्वी नाळ कापायला दगरिन म्हणजे सुईण यायची, नदीपलीकडच्या तिच्या जातीच्या वस्तीतून. ती येईपर्यंत पोर तसंच पडून, कारण ते रक्त शिवून बाटायचं कोणी? ती यायची, कापायची, धान्य घेऊन जायची. तिच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत आणि वंश मात्र तिच्या हवाली करायचे, अशी आमच्या लोकांची अक्कल. ती गेली की मग ते ओलं देठ, ते इवलं पोर, आणि घरातल्या बायकांच्या हाताला काही काम नाही. काहीतरी लावल्याशिवाय बाईला राहवतं का? जे हाताशी असेल ते लावलं. तेल हाताशी, राख हाताशी.

हे जगतारनला पक्कं माहीत होतं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, तिनं पुढे शंभर बायकांना सांगितलं होतं. तरीही पुढचं व्हायचं ते झालं.

जगतारनचा मुलगा रामउदगार मलेशियात हातमोज्यांच्या कारखान्यात होता. बायकोच्या बाळंतपणासाठी पंचेचाळीस दिवसांची रजा काढून आला. हिशेब चांगला केला होता, पण पोटातल्या पोरीला तो कुणी कळवला नव्हता. ती पंधरा दिवस उशिरा आली. गुरुवारी सकाळी, गावच्या प्रसूती केंद्रात, धडधाकट, भरपूर केस घेऊन. नर्स दिलमाया मिसनी नाळ कापून मलम लावलं. जगतारन शेजारी उभी राहून "खाली पण लावा, खाली" असं सांगत होती. दिलमाया मिसनी तिला दोनदा बाहेर काढलं.

रजेचे आठ दिवस उरले होते. पुढच्या गुरुवारी दुपारी चारची काठमांडूची बस, शुक्रवारी विमान. पुन्हा रजा मिळायची ती तीन वर्षांनी.

आणि घरातली रीत अशी की बाळाची नाळ पडेपर्यंत सोयर. बाळंतिणीनं सौरीबाहेर, म्हणजे तिच्या त्या अंधाऱ्या खोलीबाहेर यायचं नाही, पुरुषानं आत जायचं नाही, आणि बापानं तर पोराला शिवायचंही नाही. नाळ पडली की खोली सारवायची, मायलेकींना न्हाऊ घालायचं, छठी, म्हणजे सहाव्या दिवसाची देवी, पूजायची, मग बापाच्या मांडीवर पोर. एरवी पाचव्या-सहाव्या दिवशी हे सगळं उरकायचं, त्यामुळे कुणाचं अडलं नव्हतं.

उदगारनं रीत पाळली. केंद्रातून घरी येताना बायको, आई, पोर ऑटोत मागे आणि हा पुढे ड्रायव्हरला चिकटून, मान वळवायची नाही म्हणून आरशात बघत. ड्रायव्हरनं आरसा थोडा फिरवून दिला म्हणतात. चांगला माणूस.

घरी आल्यावर पुनिता, म्हणजे सून, आतल्या खोलीत आणि उदगार अंगणात पेरूखाली खाटेवर. मध्ये दहा पावलं आणि बांबूची एक टाटी. पुनितानं फोन लावला.

"दिसते का?"

"नाक दिसतंय. मोबाइल मागे घे."

"आता?"

"आता छत दिसतंय."

इंद्रवती सौरीच्या दारात विणलेल्या बुटक्या मचियावर बसून हे ऐकत होती. "पंधरा दिवस वाट बघायला लावलीन, आता आणखी सहा दिवसांनी काय जातंय?" ती म्हणाली. मग जरा वेळानं: "नाक कुणासारखं आहे म्हणतो?"

शुक्रवारी सकाळी जगतारननं नातीला तेल लावायला घेतलं. अंगाला तेल चालतं, पोट सोडून. हातपाय चोळले, पाठ चोळली, डोक्याला तेल जिरवलं आणि हात बेंबीपाशी येऊन थांबला. ते देठ, काल कापलेलं, ओलसर, निळंकाळं. दुसऱ्याच्या पोरीचं असतं तर तिनं बघितलंही नसतं. पण ही उदगारची पोर.

मलमाच्या ट्यूबांचा डबा त्याच खोलीत कोनाड्यात होता. पत्र्याचा, बिस्किटांचा जुना. जगतारननं झाकण काढलं.

"मम्मी," पुनिता खाटेवरून म्हणाली, "काल मिसनी लावलं ना? एकदाच लावायचं ना?"

"त्यांना घाई होती. नीट लागलं नसणार."

"तुम्हीच तर खाली लावा, खाली लावा म्हणत होता."

"तू झोप. बाळंतिणीनं बोलू नये फार, वात होतो."

संध्याकाळी लावलं, कारण सकाळचं दुपट्याला पुसलं गेलं असणार. शनिवारी सकाळी लावलं कारण रात्री पोर शिंकली होती. शनिवारी संध्याकाळचं कारण पुनितानं विचारलंच नाही. रविवारी तर जगतारननंही शोधलं नाही. सकाळ झाली, झाकण काढलं. संध्याकाळ झाली, झाकण काढलं. नवऱ्याच्या जर्द्याच्या डबीवर तोंडसुख घेणारी ही बाई.

आता तिची बाजूही सांगायला हवी. उदगारच्या आधी जगतारनला एक मुलगा झाला होता. ती एकोणीस वर्षांची होती. दगरिनीनं विळ्यानं नाळ कापली, इंद्रवतीनं राख लावली. सातव्या दिवशी पोरानं दूध धरायचं सोडलं. आठव्या दिवशी जबडा बसला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. त्या धनुर्वाताला आमच्याकडे जम्हुआ म्हणतात. तेव्हा ते कुणाची तरी दृष्ट, कुणाची तरी करणी असायचं. बत्तीस वर्षांची असताना पहिल्याच ट्रेनिंगमध्ये एका डॉक्टरनं फळ्यावर विळा काढला, त्यावर काट मारली, खाली राखेचा ढीग काढला, त्यावरही काट मारली, तेव्हा जगतारन उठून बाहेर गेली आणि नळावर तोंड धुऊन परत आली. सासूला ती त्याबद्दल कधी बोलली नाही. भाषण मात्र त्या दिवसापासून सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही.

तेव्हा नातीच्या बेंबीवर तिला नुसतं देठ दिसत नव्हतं. पण म्हणून चूक ती चूकच. मलमाचं असं आहे की ते एकदा लावलं की आपलं काम करतं. वरचेवर लावत राहिलं तर नाळ ओलसर राहते, वाळायला वेळ घेते आणि पडायची तेव्हा पडत नाही. हेही जगतारनला माहीत होतं. भाषणात नव्हतं, कारण आजवर सिमरदहीत कुणी हा प्रताप केलाच नव्हता.

मंगळवार उजाडला. सहावा दिवस. इंद्रवतीनं नवी शेणमाती कालवून ठेवायला सांगितली, सुंठीचे लाडू वळून झाले होते, शेजारची दुखनी काकी सोहर, म्हणजे जन्माची गाणी, गायला घसा साफ करून आली. इंद्रवतीनं सौरीत जाऊन दुपटं उघडलं, बोटानं न शिवता वाकून पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "ओली आहे. शुक्रवारी होती तश्शी."

दुखनी काकीला असा दिवस वर्षातून एकदा मिळतो. "अग्गोबाई! सहाव्या दिवशी? माझ्या नातवाची चौथ्या दिवशी पडली. मलम लावलंच नव्हतं आम्ही... म्हणजे ट्यूब घेतली होती हं जगतारन, तुझा मान म्हणून. फळीवर आहे अजून."

"फळीवर?" जगतारन म्हणाली.

"तेल लावलं आपलं साधं. आता तुझंच बघ की. सरकारी मलम, सरकारी चालीनं काम करणार."

जगतारन "चूल बघते" म्हणाली आणि चुलीकडे न जाता थेट मागच्या वांग्याच्या वाफ्यात गेली. तिथे उकिडवी बसून तिनं केंद्रात फोन लावला.

"दिलमाया मिस, एक विचारायचं होतं. आमच्या गावात एक बाई आहे."

"बोला."

"तिनं नातीच्या बेंबीला मलम लावलं. एकापेक्षा जास्त वेळा."

"किती?"

"आज सकाळचं धरून... नऊ."

"नऊ? कोण हो ही?"

"आहे एक. अडाणी."

"तिला ट्यूब कुठून मिळाल्या इतक्या?"

"ते मी विचारते तिला." जगतारननं वांग्याचं एक पान तोडलं. "तिला भीती वाटते मिस. काही होईल का?"

"बेंबीभोवती लाल झालंय का? सूज, पू, घाण वास?"

"नाही."

"अंग गरम? दूध पिते?"

"दूध पिते, मिस. चांगली ओढून पिते. आईला झोपू देत नाही."

"मग काही होत नाही. मलम बंद करा, कोरडी ठेवा. आपोआप पडेल. दहा दिवस लागतील, बारा लागतील. ओढायची नाही, पिळायची नाही, वर दुसरं काही लावायचं नाही. त्या अडाणी बाईला नीट सांगा."

"सांगते."

"आणि जगतारन दिदी, तुमची नात कशी आहे?"

"बरी आहे," जगतारन म्हणाली आणि फोन ठेवला. पलीकडे दिलमाया मिस हसत होत्या की काय ते तिला ऐकायचं नव्हतं.

पोर सुखरूप आहे हे कळलं, पण त्यानं दुसरं दुखणं समोर आलं. दहा दिवस, बारा दिवस. आणि बस गुरुवारी.

बुधवारी उदगार दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत होता. बॅग भरली, उघडली, पुन्हा भरली. दुपारी तो दादीपाशी जाऊन बसला आणि दोघांची कुजबुज चालली. जगतारन भात वेळत होती. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माय, दादी म्हणते गरम तेल आणि राख लावली, वरून अंगठ्यानं शेकलं, की उद्या सकाळपर्यंत पडते."

जगतारननं पळी खाली ठेवली.

"एकदाच, माय. फक्त आज. मला काय तुझ्या मलमाशी वैर आहे का? पण तीन वर्षं! तिकडे गेलो की फोनवरच बघायची आहे. इथे आलो तरी फोनवर! हिचा बाप अंगणात बसतो की मलेशियात, हिला काय फरक पडला?"

"राख नाही."

"माय..."

"तुझ्या आधीचा एक होता."

एक होता एवढं उदगारला माहीत होतं. काय झालं होतं ते त्या घरात कुणी बोलत नसे.

"राख नाही," जगतारन पुन्हा म्हणाली. "आणि मलमाचा दोष नाही. जा, जेवून घे."

दोष कुणाचा ते मात्र त्या दिवशी तिच्या तोंडून निघालं नाही. गावभर बोलायचा परवाना असलेली बाई, पण या एका वाक्याला तो परवाना चालेना. त्या वाक्यात काय काय जाणार होतं बघा. सव्वीस वर्षांचं भाषण, दारावरची पाटी, दुखनी काकीपुढचं नाक, आणि वर सासूपुढे मान खाली. आणि हे वाक्य गिळलं तर पोरगा लेकीला न शिवता जाणार होता.

गुरुवारी, आठव्या दिवशी, जगतारननं सकाळपासून नातीला चार वेळा जवळ घेतलं. जबडा बघितला, हातपाय हलवून बघितले. पोरीनं जांभई दिली, मूठ चोखली, आजीच्या साडीवर मुतली. नाळ होती तिथेच, आता काळी, कडेनं वाळायला लागलेली, पण घट्ट.

दुपारी दोनला उदगारची बॅग ओट्यावर आली. शेजारणी निरोपाला जमल्या. इंद्रवती सौरीच्या दारात मचिया टाकून बसलेली, दार अडवून. जगतारन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला.

"सासूमाय, नाळ मलमानं अडली नाही. माझ्यामुळे अडली. एकदा लावायचं असतं. मी नऊ वेळा लावलं."

दुखनी काकीचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

इंद्रवतीनं सावकाश मान वर केली. "दहा," ती म्हणाली. "केंद्रातलं पहिलं धर की."

"तुम्हाला माहीत होतं?"

"टाटीची भिंत आहे, कनियाँ. तुझ्या डब्याचं झाकण वाजतं ते देवळापर्यंत ऐकू जातं. सकाळी टण, संध्याकाळी टण."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर थांबली असतीस?" म्हातारीनं गुडघ्यावरचा पदर झटकला. त्यावर काही नव्हतं. "मी तरी कुठे थांबले होते? त्या पहिल्याला मी दिवसातून चारदा लावायचे. राख दोनदा चाळायचे, फडक्यातून. खडा राहू नये, टोचू नये त्याला म्हणून."

चाळीस वर्षांत ती त्या पोराबद्दल एवढंच बोलली. 

मग जगतारन म्हणाली, "उदगारला आत घेते."

"नाळ पडलेली नाही."

"नाही पडली."

"या घरात असं कधी झालेलं नाही."

"नाही झालं."

"तुझा सासरा तेविसाव्या दिवशी भेटला पोराला. नदीला पूर होता, पलीकडे अडकला होता. आला तरी आधी अंगणात बसवला, सारवण वाळेपर्यंत."

"सासूमाय, बस चारला आहे."

इंद्रवती उठली. उठायला तिला नेहमी लागतो तेवढाच वेळ तिनं घेतला, एक क्षण कमी नाही. मचिया उचलली, दोन पावलं बाजूला ठेवली आणि दाराकडे पाठ करून, कुंपणावरच्या भोपळ्याच्या वेलाकडे तोंड करून बसली.

"काय करताय?" जगतारननं विचारलं.

"भोपळे बघतेय. दिसत नाही का? कुणी तरी बघायला नको का? तोडायला झालेत आणि घरात सगळ्यांना बेंबी सुचते आहे."

जगतारन लेकाला हाताला धरून नळावर घेऊन गेली. साबणानं हात धुवायला लावले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, कोपरापर्यंत. त्यानं धुतले. तिनं पुन्हा लावले. मग तिसऱ्यांदा साबण पुढे केला.

"माय, तीनदा?"

"नवव्यांदा तर नाही ना? धू."

नळाभोवतीच्या बायका हसल्या. जगतारनही हसली, आठवड्यात पहिल्यांदा.

सौरीत अंधार होता. उदगार दारातच थबकला. पुनितानं डोक्यावरून पदर ओढला आणि दुपट्यासकट पोर त्याच्यापुढे धरली. यानं दोन्ही हात पुढे केले, ताट घ्यायला करतात तसे.

"अरे, डोकं! डोक्याखाली हात!" जगतारन ओरडली. "कोपर दुमड! दुमड रे!"

"डाव्या हातावर घे म्हणावं," बाहेरून इंद्रवतीचा आवाज आला. पाठ तशीच भोपळ्यांकडे. "उजवा खालून. बेंबीवर दाबू नकोस. अंगाला लावून धर, मडकं नाही ते."

"दादी, तुला दिसतंय काय?"

"मला भोपळे दिसताहेत."

पोरीनं एक डोळा उघडला, बापाकडे पाहिलं आणि बंद केला. उदगार भिंतीला टेकून खाली बसला. पुनिता त्याला हळू आवाजात काहीबाही सांगत होती. तिला डावीकडे झोपायला आवडतं, ढेकर काढायला वेळ लावते, गाणं म्हटलं की रडते. तो नुसता मान हलवत होता. जगतारन आधी दोघांच्या मध्ये उभी होती. मग तिला कळलं की आपण मध्ये उभे आहोत, आणि ती बाहेर येऊन सासूशेजारी जमिनीवर बसली. दोघी मिळून भोपळे बघत राहिल्या.

सव्वातीनला उदगारला हाका मारल्या. साडेतीनला पुन्हा मारल्या. पावणेचारला जगतारन आत गेली आणि तिला पोर त्याच्या हातातून अक्षरशः सोडवून घ्यावी लागली. बस चुकता चुकता मिळाली. शर्टावर दुधाचा डाग होता तो त्यानं बदलू दिला नाही.

नाळ रविवारी पडली, अकराव्या दिवशी, आपणहून, दुपट्यात. पुनिताला ती वाळल्या मिरचीच्या देठासारखी हाताला लागली. बेंबी स्वच्छ, कोरडी. सोमवारी खोली सारवली, मायलेकी न्हाल्या आणि इंद्रवतीनं छठी अशा थाटात केली की जणू तीच खरी तिथी. दुखनी काकीनं सोहर गायले. लाडू सहाव्या दिवसापासून मुंग्यांपासून राखून ठेवलेले, ते वाटले.

माहेरहून आलेल्या पुनिताच्या आईनं पोरीला मांडीवर घेत विचारलं, "जावईबापूंना पोर बघायला तरी मिळाली का? नाळ तर काल पडली म्हणता."

"न मिळायला काय झालं?" इंद्रवती म्हणाली. "आमच्याकडे बाप आठव्या दिवशी पोर घेतो. हात तीनदा धुऊन. पहिल्यापासून तशी रीत आहे."

दुखनी काकीनं तोंड उघडलं. जगतारननं उठून त्यात एक लाडू घातला.